लोकसंख्येच्या आकड्यावरून विकिपीडियावर वाद झाला तर

मुंबईची लोकसंख्या किती, या प्रश्नाला २०११च्या जनगणनेतूनच तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही बरोबर आहेत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११. बृहन्मुंबई महानगरपालिकेची १,२४,४२,३७३. बृहन्मुंबई नागरी समूहाची १,८३,९४,९१२. आता कल्पना करा, मुंबईच्या लेखातल्या माहितीचौकटीत एका संपादकाने पहिला आकडा लिहिला, दुसऱ्याने तो खोडून दुसरा लिहिला, तिसऱ्याने तोही उलटवून तिसरा टाकला. तिघांकडे सरकारी संदर्भ आहे. समोरचा मुद्दाम चुकीची माहिती भरतोय, असं तिघांनाही मनापासून वाटतंय. विकिपीडियावरचे लोकसंख्येचे बहुतेक वाद या जातीचे असतात. कुणी खोटं बोलत नसतं, पण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

तुम्ही मराठी विकिपीडियावर लिहीत असाल, किंवा इंग्रजीत आपल्या गावाचं, भाषेचं, समाजाचं पान सांभाळत असाल, तर हा वाद कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. इथे लिहिलेला आकडा स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये जातो, बातमीत जातो, शोधयंत्रांच्या चौकटीत दिसतो. म्हणून तो नीट लिहिण्यासाठी घेतलेले कष्ट वाया जात नाहीत.

कुठलाही आकडा बदलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा: तो कुठल्या सीमेतला आहे, कुठल्या तारखेचा आहे, आणि कुणी कसा काढला आहे. यांतली एक जरी निसटली, तरी पुढची सगळी चर्चा फुकट जाते.

सर्वांत जास्त घोळ सीमेपाशी होतात. मुंबईचंच पाहा. शहर जिल्हा आणि उपनगर जिल्हा (९३,५६,९६२) यांची बेरीज केली की महानगरपालिकेचा आकडा येतो, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. नागरी समूहात मात्र ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतात. वसई-विरार त्यात नाही. २०११मध्ये तो वेगळा धरला होता. म्हणजे ‘मुंबई आणि परिसर’ हा शब्द लेखात सैलपणे वापरला की वाद तिथूनच सुरू होतो. उपाय साधा आहे. यांतला एकही आकडा खोडायचा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत, त्याच्या नावासह लिहायचा: महानगरपालिका, नागरी समूह. शहर जिल्ह्याचा आकडा त्या जिल्ह्याच्या लेखात जाईल.

भारतातलं सर्वांत मोठं शहर मुंबई की दिल्ली, हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे, आणि त्याचंही मूळ सीमेतच आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत मोजलं तर २०११मध्ये मुंबई पुढे होती. दिल्ली महानगरपालिकेची लोकसंख्या १,१०,३४,५५५ होती. नागरी समूह धरला तरी मुंबईच पुढे, दिल्ली १,६३,४९,८३१. पण संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या नागरीकरण अहवालात दिल्ली सुमारे २ कोटी ८५ लाखांवर, टोकियोच्या खालोखाल जगात दुसरी होती आणि मुंबई २ कोटींच्या आसपास. कारण त्या अहवालाने दिल्लीत गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद ही राज्याच्या सीमेपलीकडची सलग शहरंही मोजली. पुढे २०२५च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांनी सर्व देशांना एकच व्याख्या लावली आणि जगातलं पहिलं शहर टोकियो न राहता जकार्ता झालं. टोकियो तिसऱ्या क्रमांकावर गेलं. टोकियोतली माणसं एकाएकी कुठे गेली नाहीत. मोजण्याची रेघ बदलली. म्हणून ‘सर्वांत मोठं शहर’ असं वाक्य लिहायचं असेल, तर त्याच वाक्यात कुठल्या व्याख्येने आणि कुठल्या वर्षी, हे आलंच पाहिजे. ते येत नसेल तर वाक्य न लिहिणं बरं.

सीमा स्वतःही बदलतात. २०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १,१०,६०,१४८. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पालघरच्या वाट्याला २०११चे २९,९०,११६ लोक आले आणि ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरले. आज ठाण्याच्या लेखात एक कोटी दहा लाख लिहिणारा आणि ऐंशी लाख लिहिणारा, दोघेही एकाच जनगणनेचा दाखला देतात. इथे आजच्या सीमेतला आकडा माहितीचौकटीत घ्यावा आणि जुना आकडा इतिहासाच्या परिच्छेदात ‘विभाजनापूर्वी’ असं स्पष्ट म्हणून ठेवावा. ‘देशातला सर्वांत मोठा जिल्हा’ हे बिरुदही भूतकाळात न्यावं; विभाजनानंतर त्याच जनगणनेच्या हिशेबाने तो मान पश्चिम बंगालमधल्या उत्तर चोवीस परगण्याकडे (१,००,०९,७८१) जातो.

पुण्याचं प्रकरण याहून अवघड आहे. २०११मध्ये पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. त्यानंतर २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं हद्दीत आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची वेगळी नगरपरिषद झाली. कुणी ३१,२४,४५८ला आजच्या क्षेत्रफळाने भागून घनता काढतो आणि ती लेखात टाकतो. हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण दोन्ही आकडे खरे असतात आणि त्यांचं उत्तर खोटं असतं. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ एकाच तारखेच्या सीमेचं नसेल, तर घनतेची ओळ रिकामी ठेवा.

मग बेरीज-वजाबाकी करायचीच नाही का? करायची, पण मर्यादेत. विकिपीडियाचा ‘मूळ संशोधन नको’ हा नियम साध्या अंकगणिताच्या आड येत नाही. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांचे २०११चे आकडे मिळवून पालघर जिल्ह्याची लोकसंख्या काढणं हे साधं गणित आहे. कुणीही पडताळून पाहू शकतो. पण एखादं गाव अर्धंच महानगरपालिकेत आलं असेल, तर त्याची निम्मी लोकसंख्या धरणं हा अंदाज झाला. आणि ‘२००१ ते २०११ इतक्या टक्क्यांनी वाढ झाली, म्हणून २०२५मध्ये इतकी असणार’ हे तर उघड मूळ संशोधन आहे. बेरीज केलीत तर चर्चा पानावर तिचे सगळे घटक मांडून ठेवा. पुढच्या संपादकाला ती पुन्हा करून पाहता आली पाहिजे.

आता तारीख. २०११च्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०११ची मध्यरात्र होता. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तात्पुरते आकडे जाहीर झाले आणि अंतिम आकडे २०१३पासून येत गेले. महाराष्ट्राची तात्पुरती लोकसंख्या ११,२३,७२,९७२ होती, अंतिम ११,२३,७४,३३३. फरक किरकोळ, पण उलटवाउलटवीला तेवढाही पुरतो. जुन्या लेखांत तात्पुरते आकडे अजून भरपूर आहेत; ते दिसले की शांतपणे अंतिम आकडा घाला आणि संपादन सारांशात ‘तात्पुरत्याऐवजी अंतिम’ एवढं लिहा. वाद टळतो.

या बाबतीत मणिपूरचं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. तात्पुरता आकडा २७,२१,७५६. प्राथमिक जनगणना सारात २५,७०,३९०. अंतिम लोकसंख्या तक्त्यात २८,५५,७९४. एका कार्यालयाचे, एका जनगणनेचे तीन आकडे. कारण असं की सेनापती जिल्ह्यातले माओ-मराम, पाओमाता आणि पुरुल हे तीन उपविभाग प्राथमिक साराच्या आकड्यात धरलेले नव्हते. भारताच्या एकूण लोकसंख्येचे १,२१,०५,६९,५७३ आणि १,२१,०८,५४,९७७ असे दोन आकडे फिरतात, त्याचं कारणही हेच. दोन्हींमधला फरक २,८५,४०४ येतो, आणि मणिपूरच्या शेवटच्या दोन आकड्यांमधला फरकही तेवढाच. तळटीप वाचली असती तर यावरचे कितीतरी वाद झालेच नसते. जनगणनेचा तक्ता उघडला की आधी खालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा वाचायची सवय लावून घ्या.

गावांच्या लेखांत वेगळाच धोका असतो: नाव सारखं, गाव दुसरं. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी ही नावं महाराष्ट्रात किती ठिकाणी आहेत हे सांगायला नको. तालुका जुळतोय एवढ्यावर थांबू नका, एकाच तालुक्यातही बुद्रुक आणि खुर्द असतात. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे; तो क्रमांक संदर्भात लिहा. जिल्ह्यांतही हे होतं. महाराष्ट्रातला रायगड आणि छत्तीसगडमधला रायगढ यांचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेच्या तक्त्यांत एकच आहे. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांचे आकडे जुन्या नावांखाली शोधावे लागतात, हे नव्या संपादकांना आवर्जून सांगा. अन्यथा तक्त्यात नाव सापडत नाही म्हणून ते कुठल्यातरी संकेतस्थळावरचा आकडा उचलतात.

आता आकडा कुणी आणि कसा काढला, ते. भाषेच्या आकड्यांपाशी माणसं हळवी होतात, आणि ते मी समजू शकतो. २००१मध्ये मराठी भाषकांची संख्या ७,१९,३६,८९४ होती आणि तेलुगू ७,४०,०२,८५६वर तिसऱ्या क्रमांकावर होती. २०११मध्ये मराठी ८,३०,२६,६८० झाली, तेलुगू ८,११,२७,७४० आणि क्रम उलटला. ही भाषिक आकडेवारी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे मधली काही वर्षं दोन्ही बाजूंचे संपादक जुन्याच आकड्यांवर भांडत होते. दुसरी गोष्ट, हे आकडे मातृभाषेचे आहेत. मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून बोलणारे धरले, तर एकूण संख्या सुमारे ९ कोटी ८९ लाखांवर जाते. लेखात ‘मराठी बोलणारे’ असं लिहिलंत तर यांतला कुठला आकडा घेतला ते सांगावं लागेल.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जनगणना लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची गटवारी करते. हिंदीच्या ५२ कोटी ८३ लाखांत भोजपुरीचे पाच कोटींहून अधिक लोक मोजलेले आहेत. आपल्याकडे मालवणी कोकणीच्या गटात येते आणि खान्देशी, म्हणजे अहिराणीसकट, वेगळी भाषा म्हणून १८ लाखांच्या वर मोजली जाते. ‘अहिराणी ही मराठीचीच बोली, मग ते अठरा लाख मराठीत मिळवा’ असं कुणी म्हणेल; ‘मालवणी आमची, ती कोकणीतून काढा’ असंही म्हणेल. दोन्ही मतांना भाषाशास्त्रात चर्चा आहे, पण ती चर्चा लेखाच्या मजकुरात संदर्भांसह जावी. आकडा जनगणनेने दिला तसाच राहू द्या. आपण केलेली बेरीज जनगणनेच्या नावावर खपवणं हा वाचकाचा विश्वासघात आहे, हेतू कितीही चांगला असो.

गोव्याच्या पानावर काम करणाऱ्यांनी याचंच भान ठेवावं. २०११मध्ये तिथे कोकणी मातृभाषा सांगणारे ९,६४,३०५ होते, मराठी सांगणारे १,५८,७८७. मराठी वाचणारे, मराठीत भजन-कीर्तन करणारे, मराठी वृत्तपत्र घेणारे याहून कितीतरी जास्त आहेत, हे गोव्यात राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. ते वास्तव लेखात जरूर यावं, पण मातृभाषेच्या ओळीत घुसवून नव्हे. बेळगावच्या लेखांवर तर शहर, तालुका आणि जिल्हा यांचे आकडे आपापल्या सोयीने उचलले जातात, त्यातही कुणी जुनी जनगणना धरतो, कुणी नवी. तिथे माझा सल्ला ठाम आहे: तिन्ही पातळ्या वेगळ्या लिहा, प्रत्येकीपुढे वर्ष लिहा, आणि सीमाप्रश्नाचा युक्तिवाद त्या प्रश्नाच्या लेखात करा. अमेरिकेतल्या मराठी माणसांचा आकडा घेताना हेही पाहा की तिथलं सर्वेक्षण मातृभाषा विचारत नाही, घरी कुठली भाषा बोलता हे विचारतं. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवताना हा फरक सांगावाच लागतो.

जात आणि धर्म यांच्या आकड्यांवरचे वाद सर्वांत कडवे होतात. सर्व जातींची गणना करून आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१मध्ये. त्यानंतरचं जवळपास सगळं काही सर्वेक्षण, आयोग किंवा अंदाज आहे. मंडल आयोगाचा इतर मागासवर्गीयांचा ५२ टक्के हा आकडा १९३१च्या गणनेवरून काढलेला होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००४-०५मध्ये तेच प्रमाण सुमारे ४१ टक्के सांगितलं. मराठा समाजाचं महाराष्ट्रातलं प्रमाण गायकवाड आयोगाच्या २०१८च्या अहवालात ३० टक्के आहे, शुक्रे आयोगाच्या २०२४च्या अहवालात २८ टक्के. यांतला कुठलाही आकडा ‘महाराष्ट्रात मराठे इतके टक्के आहेत’ अशा सपाट वाक्यात लिहू नका. ‘अमुक आयोगाच्या अमुक वर्षीच्या अहवालानुसार’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच हवेत. जिथे अनेक अहवाल आहेत तिथे सगळे द्या, वर्षांच्या क्रमाने द्या. समाजाच्या संघटनेने सभेत सांगितलेला आकडा हा त्या संघटनेचा दावा आहे. तो नोंदवण्याजोगा असेल तर दावा म्हणूनच नोंदवावा.

अनुसूचित जाती आणि बौद्ध यांच्याबाबत एक चूक वारंवार होते. २०११मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२०० होते आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या १,३२,७५,८९८. काही संपादक या दोहोंची बेरीज करतात. ती करता येत नाही, कारण बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांची नोंद १९९०च्या कायदेबदलानंतर दोन्ही तक्त्यांत होऊ शकते; एकच माणूस दोनदा मोजला जातो. धर्म हा माणसाने प्रगणकाला सांगितलेला असतो, हेही विसरू नये. प्रत्यक्षात बौद्ध जास्त आहेत असं म्हणणारे अभ्यासक असतील, तर त्यांचं नाव घेऊन त्यांचं म्हणणं लिहावं आणि जनगणनेचा आकडा तसाच ठेवावा.

२०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज नवा आकडा लिहायची घाई सगळ्यांनाच आहे. त्या पोकळीत ‘पुण्याची २०२५ची लोकसंख्या’ असं एककापर्यंत सांगणारी संकेतस्थळं उगवली आहेत. त्यांनी कुणालाही मोजलेलं नाही. जुन्या वाढीचा दर पुढे ओढलेला आहे. त्यांचा आकडा कुणीतरी विकिपीडियावर टाकतो, तिथून एखाद्या बातमीत जातो, आणि मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून येते. हे चक्र तोडायचं असेल तर बातमीतला आकडा घेण्यापूर्वी बातमीने तो कुठून घेतला ते पाहा. बातमीत स्रोत नसेल तर तिला लोकसंख्येसाठी संदर्भ मानू नका. देशाच्या पातळीवर परिस्थिती वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३च्या मध्यासाठी भारत १४२ कोटी ८६ लाख आणि चीन १४२ कोटी ५७ लाख असा अंदाज दिला. त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. असा अंदाज लिहायला हरकत नाही, पण ‘अंदाज, २०२३’ आणि ‘जनगणना, २०११’ अशा दोन वेगळ्या ओळी असाव्यात. इंग्रजीतला आकडा मराठीत आणताना मिलियनचं लाख-कोटीत रूपांतर दोनदा तपासा, १८.४ मिलियनचे १८ कोटी झालेले मी स्वतः पाहिले आहेत.

इतकं करूनही कुणी तुमचं संपादन उलटवलं, तर लगेच परत उलटवू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की खातं रोखलं जाऊ शकतं. भारतासह दक्षिण आशियाचे विषय आणि जातींवरचे लेख तिथे विशेष निर्बंधांखाली आहेत, त्यामुळे कारवाई लवकर होते. तुमचा आकडा बरोबर होता, हे कारण त्या वेळी चालत नाही. पहिल्या उलटवणीनंतरच चर्चा पानावर जा आणि असं काही लिहा: ‘नमस्कार. माहितीचौकटीत सध्या १,८३,९४,९१२ हा आकडा आहे. तो नागरी समूहाचा असून त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली येतात. लेखाचा पहिला परिच्छेद महानगरपालिका हद्दीतल्या शहराबद्दल आहे. म्हणून मुख्य ओळीत १,२४,४२,३७३ घ्यावा आणि नागरी समूहाचा आकडा वेगळ्या ओळीत द्यावा, असं सुचवतो. आपलं मत कळवावं.’ यात कुणाच्या हेतूबद्दल, प्रांताबद्दल, जातीबद्दल एक अक्षर नाही. ‘तुम्ही दिल्लीवाले’ असा एक शब्द आला की आकड्याची चर्चा संपते आणि माणसांची सुरू होते.

उत्तर आलं नाही तर काही दिवस थांबा, मग बदल करा. एकमत होत नसेल तर मराठी विकिपीडियावर चावडीवर विषय मांडा, किंवा त्या विषयावर पूर्वी काम केलेल्या पण या वादात नसलेल्या सदस्याला मत विचारा. प्रचालकाकडे धाव घेताना एक ध्यानात असू द्या: कुठला आकडा खरा याचा निवाडा करणं हे त्याचं काम नाही. तो पान काही काळ सुरक्षित करील, हुल्लड थांबवील. निर्णय चर्चेतूनच यायचा असतो. व्हॉट्सॲप गटावर हाक देऊन आपली माणसं बोलावू नका, दुसऱ्या खात्याने येऊन स्वतःलाच पाठिंबा देऊ नका. तिथे हातांची मोजणी होत नाही, संदर्भ पाहिले जातात, आणि अशी लबाडी इतिहासातल्या नोंदींवरून उघडी पडते.

आकडा विकिडाटावरही लिहीत असाल तर नुसती संख्या टाकून निघू नका. लोकसंख्येच्या गुणधर्माला (पी१०८२) तारखेचा गुणधर्म (पी५८५) आणि मोजणीच्या पद्धतीचा (पी४५९) जोडा. जुना आकडा पुसू नका. नव्याला ‘प्राधान्य’ दर्जा द्या, जुना तारखेसह खाली राहील. विकिडाटावरून आकडा घेणाऱ्या सगळ्या भाषांच्या साच्यांत तुमची चूकही एका वेळी पसरते, म्हणून तिथे अधिक सावध राहा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ठरला आहे. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. या गणनेत जातीचीही नोंद होणार आहे. त्यासाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५च्या स्थितीवर गोठवल्या आहेत, म्हणजे पुण्याचा नवा आकडा वाढलेल्या हद्दीचा असेल. तो २०११च्या ३१,२४,४५८शी थेट ताडून वाढीचा टक्का काढू नका; जिल्ह्यांसाठी जनगणना कार्यालय जुने आकडे नव्या सीमांनुसार जुळवून देणारा दशकवार तक्ता प्रसिद्ध करतं, तो येईपर्यंत थांबा. तात्पुरते आकडे आले की आपल्या गावाच्या, तालुक्याच्या पानावर ते ‘तात्पुरते, २०२७’ असं लिहून नव्या ओळीत घाला, आणि २०११ची ओळ तिच्या संदर्भासकट तशीच राहू द्या.